मी पक्ष्याची पावती मागितली नाही

मी एका ऑफिसात हिशेब विभागात कारकून आहे. बी.कॉम. झाल्यापासून आजवर माझ्या टेबलावरून बिले, व्हाउचर आणि पावत्याच जात आल्या आहेत. साडेतीनशे रुपयांच्या स्टेशनरीच्या बिलाला पावती जोडलेली नसली तर मी ते शिपायाच्या हाती परत पाठवतो. संध्याकाळी वस्तीतल्या मंडळाचे काम असते. तिथेही माझे सांगणे तेच : रेशन दुकानात पावती मागा, दवाखान्यातला केसपेपर जपून ठेवा, तोंडी बोलण्यावर विसंबू नका. असा हा माणूस २०२३ च्या पावसाळ्यात एक जिवंत प्राणी विकत घेऊन घरी आला, आणि त्याच्याकडे कागदाचा कपटाही नव्हता. या चुकीची किंमत माझ्या घराने काय मोजली, ते वाचकांना सांगावे म्हणून हे लिहीत आहे.

माझी धाकटी मुलगी तेव्हा आठवीत होती. सातवीला चांगले गुण मिळाले तर मागशील ते देईन, असे मी बोलून गेलो होतो. तिने सायकल मागितली नाही, मोबाइल मागितला नाही. शेजारच्या इमारतीत मैत्रिणीकडे तिने कॉकाटील पाहिला होता. राखाडी अंग, गालावर केशरी ठिपका आणि डोक्यावर उभा तुरा. शिट्टी वाजवली की तो शिट्टीने उत्तर देतो. तिला तोच हवा होता.

आई म्हणाली, "अरे, एका खोलीत आपण पाच माणसं. पाखरू कुठं ठेवणार?" पण नातीचे तोंड पाहून तीच पुन्हा म्हणाली, "आण बाबा. दिवसभर मी एकलीच असते, मलाही सोबत होईल." माझ्या आईला दम्याचा जुना त्रास आहे. ही गोष्ट पुढे महत्त्वाची आहे.

एका रविवारी आम्ही बापलेक शहरातल्या एका मोठ्या बाजारात गेलो. दुकान जेमतेम आठ फूट रुंद. पिंजऱ्यांवर पिंजरे रचलेले, वरच्या पक्ष्यांची घाण खालच्यांच्या अंगावर पडत होती. एकेका पिंजऱ्यात दहा-बारा कॉकाटील दाटीने बसले होते. दुकानदाराने अठराशे रुपये सांगितले. मी घासाघीस करून पंधराशेवर आणले आणि मनातल्या मनात खूश झालो. त्याने पिंजऱ्यात हात घालून एक पक्षी पकडला, भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात टाकला आणि खोके माझ्या हातात दिले.

मी विचारले, "किती वयाचा आहे?"

"दोन महिन्यांचा, साहेब. स्वतःच्या चोचीने खातो. काही टेन्शन नाही."

मग तो जरा वाकून हळूच म्हणाला, "आपला हिरवा पोपटही आहे. बोलेल. बाहेर दाखवत नाही, आतल्या खोलीत आहे."

मी नको म्हणालो. आपल्याकडचा पोपट पकडणे, विकणे आणि घरात पाळणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे, एवढे मला माहीत होते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी लहानपणी मिठू असायचा, तो कौतुकाने मिरच्या खायचा. पण त्याला झाडाच्या ढोलीतून, आईबापांपासून ओढून काढलेले असायचे. कॉकाटील मूळचा ऑस्ट्रेलियाचा. आपल्या देशात विकला जातो तो पिंजऱ्यात जन्मलेला, आणि तो पाळायला बंदी नाही. म्हणजे कायदा मला ठाऊक होता, पण त्यातून सरळ निघणारी गोष्ट मात्र माझ्या डोक्यात शिरली नाही. जो माणूस आतल्या खोलीत गुन्हा लपवून ठेवतो, तो बाहेरच्या पिंजऱ्यातल्या पक्ष्याबद्दल खरेच बोलेल, असे मी कशावरून धरले?

पोरीने पक्ष्याचे नाव ठेवले चिकू. पहिले दोन दिवस तो पिसे फुलवून गप्प बसून राहिला. आम्हाला वाटले, नवी जागा आहे, बुजला असेल. फुगलेला पक्षी गोंडस दिसतो, म्हणून पोरीने त्याचे फोटो काढले. पिसे फुलवून दिवसभर बसणे हे आजाराचे लक्षण असते, हे आम्हाला नंतर कळले. तो वाटीतले राळ्याचे दाणे टोचायचा, चोचीत धरायचा. आम्ही म्हणायचो, खातो आहे. पण तो दाणा सोलून खात नव्हता, नुसता चघळून टाकत होता. आमच्याकडे पाहून मान वरखाली करत किरकिर आवाज काढायचा, तेव्हा आई कौतुकाने म्हणायची, "बघा, मला बोलावतोय." तो भरवा म्हणत होता. त्या पिल्लाला अजून स्वतःचे खाता येत नव्हते.

आठव्या दिवशी तो दांडीवरून उतरून पिंजऱ्याच्या तळाशी बसला. प्रत्येक श्वासाला शेपटी हलत होती. मी हाफ डे टाकला आणि त्याला परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी त्याला छोट्या काट्यावर ठेवले. वजन भरले अठ्ठावन्न ग्रॅम. साधारण ऐंशी-नव्वद ग्रॅम तरी हवे होते. त्यांनी माझे बोट धरून पक्ष्याच्या छातीवर ठेवले. मधले हाड सुरीच्या पात्यासारखे बोटाला लागले. त्यांनी औषध दिले, भरवायचे कसे ते दाखवले आणि फारशी आशा धरू नका असेही सांगितले. निघताना म्हणाले, "घरात कुणाला ताप-खोकला आला तर त्यांच्या डॉक्टरला सांगा, की घरी आजारी पक्षी होता."

मी मान डोलावली. मान डोलावणे आणि ऐकणे यांत फरक असतो.

नवव्या दिवशी पहाटे चिकू गेला. पोर शाळेत गेली नाही. मागच्या मोकळ्या जागेत आम्ही त्याला पुरले. पिंजरा मी पोटमाळ्यावर टाकून दिला. धुतलाही नाही.

त्या संध्याकाळी मी दुकानात गेलो. दुकानदाराने मला ओळखले नाही, किंवा ओळख दाखवली नाही. मी तक्रार सांगितली तेव्हा म्हणाला, "साहेब, जीव आहे. जिवाची गॅरंटी कोण देणार? दुसरा घेऊन जा, अर्ध्या किमतीत देतो." मी म्हणालो, मी तुझी तक्रार करीन. तो शांतपणे म्हणाला, "पावती आहे?"

आयुष्यभर जो प्रश्न मी दुसऱ्यांना विचारत आलो, तोच मला विचारला गेला. मी खाली मान घालून परत आलो.

तीन दिवसांनी आईला ताप भरला. डोके दुखायचे, अंग मोडून यायचे, कोरडा खोकला. पावसाळ्याचे दिवस, घरोघरी ताप होता. नाक्यावरच्या डॉक्टरांचे औषध चार दिवस चालले. ताप उतरेना. मग धाप लागली. मी आणि पत्नीने तिला रिक्षात घालून महापालिकेच्या रुग्णालयात नेले. फोटो काढला, निमोनिया निघाला. वॉर्डातल्या तरुण डॉक्टर बाईंनी माहिती लिहून घेताना विचारले, "घरात कोंबड्या, कबुतरे, पक्षी काही आहे का?"

मी म्हणालो, "नाही."

खोटे बोललो असे नव्हे. पक्षी मेला होता, घरात नव्हता, म्हणून नाही म्हणालो. मागे उभी असलेली माझी तेरा वर्षांची पोर पुढे आली आणि म्हणाली, "होता. आजारी होता. नऊ दिवस होता. आजीच त्याचा पिंजरा झाडायची."

डॉक्टर बाईंचे पेन थांबले. त्यांनी सगळे नीट विचारून घेतले आणि वरिष्ठांशी बोलून औषध बदलले. पक्ष्यांपासून माणसाला होणारा एक ताप असतो, त्याला सिटॅकोसिस म्हणतात. त्याचे जंतू आजारी पक्ष्याच्या विष्ठेत असतात. विष्ठा वाळली, तिची धूळ उडाली आणि ती श्वासाबरोबर आत गेली, की साधारण पाच ते चौदा दिवसांत ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला सुरू होतो. म्हाताऱ्या माणसांना आणि छातीचे दुखणे असणाऱ्यांना तो जड जातो. त्याच्यावर डॉक्सिसायक्लीनसारखे साधे, स्वस्त औषध आहे. पण संशय आला तरच ते दिले जाते, आणि संशय येण्यासाठी कुणीतरी पक्ष्याचे नाव काढावे लागते.

डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितले, की पक्ष्यामुळेच झाले असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही, शंका धरून औषध दिले. मीही इथे त्याहून जास्त म्हणत नाही. औषध बदलल्यावर तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि दहाव्या दिवशी आई घरी आली, एवढे खरे. ती आज आमच्यात आहे ती नातीच्या एका शब्दामुळे, असे मी मानतो. त्या रात्री झोप आली नाही. "नाही" हा माझाच शब्द कानात वाजत होता.

पिंजरा खाली काढला. तोंडाला ओला रुमाल बांधला, आधी सगळा पिंजरा पाण्याने भिजवला म्हणजे धूळ उडू नये, मग साबणाने आणि ब्लीचिंगच्या पाण्याने घासून उन्हात ठेवला.

वर्ष उलटले. पोर पक्ष्याचे नाव काढत नव्हती, पण शेजारच्या इमारतीतून शिट्टी आली की तिची मान तिकडे वळायची. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने सांगितले, की बदलापूरला एक निवृत्त रेल्वे कामगार आहेत, घरीच कॉकाटीलची पैदास करतात, फारसे विकत नाहीत, पण जाऊन बघा. २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघे गेलो.

काकांनी दारातच विचारले, "आज कुठल्या पक्ष्यांच्या दुकानात जाऊन आलात का?" आलो असतो तर आत घेतले नसते, म्हणाले. चपलेला आणि कपड्यांना लागून रोग येतो. हात धुवायला लावले. मागच्या पडवीत जाळीचे मोठे पिंजरे, एकेकात एक जोडी. खाली अंथरलेला कागद त्या दिवशीचा. पाण्याची भांडी स्वच्छ. पक्षी बोलत होते, उडत होते, आम्हाला पाहून तुरा ताठ करत होते.

त्यांनी एक वही काढली. माझी नजर आपोआप तिच्यावर गेली, कारण वही हा माझा धंदा. प्रत्येक जोडीचे पान वेगळे. अंडी कधी दिली, पिल्लू कोणत्या तारखेला निघाले, पायात कडे कधी घातले, कड्याचा नंबर काय. हे कडे अखंड असते. पिल्लू आठ-दहा दिवसांचे असताना त्याच्या बोटांवरून सरकवून पायात घालतात. पुढे पाय वाढतो आणि ते न कापता निघत नाही. असे अखंड कडे पायात असले तर पक्षी माणसाच्या हाताखालीच जन्मला, असे धरता येते. नंतर चिमट्याने दाबून बसवलेल्या उघड्या कड्यावरून तसे काही सांगता येत नाही. वहीच्या पुढच्या पानावर पिल्लांची रोजची वजने होती. काका सकाळी स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर एकेकाला ठेवतात आणि ग्रॅम लिहितात.

मी म्हणालो, "काका, एवढा हिशेब कशाला?"

ते म्हणाले, "पक्षी आजार लपवतो. तो तोंडाने सांगत नाही, काटा सांगतो."

पोरीला सहा आठवड्यांचे एक पिल्लू आवडले. मी पैसे काढायला लागलो तर काकांनी हात धरला. "हे अजून पूर्ण स्वतःच्या चोचीने खात नाही. आठ-दहा आठवडे तरी होऊ द्यावे लागतात. काही दुकानदार त्याआधीच विकतात, सोबत भुकटी आणि सिरिंज देतात आणि सांगतात, हाताने भरवले की माणसाळतो. नवख्या माणसाच्या हातून घास श्वासनळीत जातो, नाहीतर गरम भुकटीने गळ्याची पिशवी भाजते. माणसाळायला भरवावेच लागते असे नाही. रोज जवळ बसावे लागते."

चिकू किरकिर करत मान का हलवायचा, ते पोरीला तेव्हा कळले. ती काही बोलली नाही. पिंजऱ्याच्या जाळीला बोट लावून उभी राहिली.

मग काकांनी आम्हाला प्रश्न विचारायला सुरुवात केली. घरात दिवसा कोण असते? पंधरा-वीस वर्षे जगणारा पक्षी आहे, मुलगी शिकायला किंवा सासरी गेली तर कोण बघेल? स्वयंपाक त्याच खोलीत होतो का? नॉनस्टिक भांडे रिकामे तापले तर त्याच्या धुराने पक्षी मरतो, माहीत आहे का? मांजर आहे का? आणि शेवटी, "घरात कुणाला दमा आहे का?"

पोरीने माझ्याकडे पाहिले. या वेळी मी खरे बोललो. आईचा दमा, चिकू, रुग्णालय, सगळे सांगितले.

काकांनी एका पिंजऱ्याच्या छतावरून बोट फिरवले आणि आम्हाला दाखवले. बोटाला खडूच्या भुकटीसारखी पांढरी पूड. "आज सकाळीच पुसले होते. कॉकाटीलच्या पिसांतून ही पूड रोज झडते. पक्षी अगदी निरोगी असला तरी झडते. एका खोलीत दम्याच्या म्हाताऱ्या माणसाबरोबर हा पक्षी ठेवू नका. माझ्याकडून तर नेऊच नका."

पिल्लाची किंमत ते अडीच हजार घेतात. निवृत्त माणसाला अडीच हजार थोडे नव्हेत. मी घेऊन गेलो असतो तर त्यांना पुढचे काही कळलेही नसते. तरी त्यांनी नाही म्हटले. उलट पोरीला म्हणाले, "तू हवी तेव्हा रविवारी ये. वजने लिहायला मला माणूस हवाच आहे."

घरी येताना लोकलमध्ये पोर खिडकीकडे तोंड करून रडली. मी समजूत घातली नाही. आईला सांगितले तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "माझ्यापायी लेकराचं पाखरू राहिलं." आणि थोड्या वेळाने, "पण माणूस खरा निघाला, बाबा. असा माणूस आधी भेटायला पाहिजे होता."

तेव्हापासून वस्तीत कुणाला पक्षी घ्यायचा असला की लोक माझ्याकडे येतात. त्यांना मी जे सांगतो, तेच वाचकहो, तुम्हाला सांगतो.

पक्षी पाहण्याआधी विकणारा पाहा. आतल्या खोलीत देशी पोपट, मुनिया असे काही दाखवतो म्हणाला, तर तिथून बाहेर पडा. दुकान असेल तर नोंदणीचे प्रमाणपत्र विचारा. केंद्र सरकारने २०१८ मध्ये पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी नियम केले आहेत, आणि त्यांप्रमाणे राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे दुकानाला बंधनकारक आहे. प्रमाणपत्र भिंतीवर दिसले पाहिजे.

पक्षी कुठे जन्मला ते विचारा. जो पैदास करतो त्याला तारीख ठाऊक असते, तो आईबाप दाखवतो. "लॉटमध्ये आला" असे उत्तर आले तर समजा, की तो चार हातांतून, चार ठिकाणच्या आजारी पक्ष्यांना लागून तुमच्यापर्यंत आला आहे. जितके हात बदलले तितका हिशेब अवघड, हे कुठलाही कारकून सांगेल.

घाई करू नका. पिंजऱ्यासमोर अर्धा तास उभे राहा. पक्षी स्वतः दाणा सोलून गिळताना दिसला पाहिजे. डोळे स्वच्छ, नाकपुड्या कोरड्या, शेपटीखालची पिसे साफ हवीत. फुगून बसलेला किंवा श्वासाला शेपटी हलवणारा पक्षी दया येऊन घेऊ नका. आपण दयेपोटी एक घेतला की दुकानदार त्या जागी दुसरा आणतो.

घेतलाच तर पावती घ्या. तिच्यावर तारीख, पक्ष्याचे वर्णन, कड्याचा नंबर आणि विकणाऱ्याचा पत्ता असू द्या. पहिल्या दोन-चार दिवसांतच पक्ष्यांच्या डॉक्टरांना दाखवून आणा. आधीचे पक्षी असतील तर नव्याला महिनाभर वेगळा ठेवा. पिंजरा कोरडा झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. आणि घरात कुणाला ताप आला तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट पाहू नका. पक्षी मेला असला तरी सांगा.

एक गोष्ट मात्र मी सगळ्यांत आधी विचारतो. विकणाऱ्याने तुम्हाला काय काय विचारले? बाजारातल्या माणसाने मला एकच प्रश्न विचारला होता, पैसे सुटे आहेत का. बदलापूरच्या काकांनी एवढे प्रश्न विचारले, की मी इंटरव्ह्यूला बसलो आहे असे वाटले, आणि त्यात मी नापास झालो. पण ज्याला आपल्या पक्ष्याचे पुढे काय होणार याची काळजी आहे, तोच असे विचारतो. असा माणूस मिळाला तर दोन तास लोकलने जावे लागले तरी जा.

माझी मुलगी आता महिन्यातून एखाद्या रविवारी बदलापूरला जाते. घरी आल्यावर आधी मोरीत जाऊन कपडे बदलते, हातपाय धुते, मगच आजीजवळ बसते. आजी विचारते, "आज किती भरलं गं?" ती वजने सांगते. वहीत आता दोन हस्ताक्षरे आहेत, एक काकांचे आणि एक तिचे. आमचा पिंजरा मात्र मी कुणाला दिला नाही. तो धुऊन, कागदात गुंडाळून पोटमाळ्यावर ठेवला आहे.